विकासकामांची छायाचित्रे : नवशिक्यांसाठी कॅमेऱ्याचे काही पाठ

पन्नास वर्षांपूर्वी खेड्यातील माणसाला छायाचित्र काढून घ्यावयाचे असल्यास तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाऊन रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ बसावे लागे. कॅमेरा ही स्टुडिओवाल्याची मालमत्ता आणि त्याचे तंत्र ही त्याने जपलेली विद्या होती. आज ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या खिशात, शाळेतील शिक्षिकेच्या पर्समध्ये आणि शेतावर निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात कॅमेरा आहे. इतकेच नव्हे, तर शासनाच्या अनेक योजनांत छायाचित्र हा कागदपत्रांचाच एक भाग होऊन बसला आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या पिकाचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलवरून घ्यावे आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करावी, अशी व्यवस्था करण्यात आली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घरकुलाच्या बांधकामाची टप्प्याटप्प्याने, स्थाननोंदीसह छायाचित्रे घेतली जाऊ लागली. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी छायाचित्रांसह नोंदवणे सक्तीचे करण्यात आले.

छायाचित्राकडे पुरावा म्हणून पाहिले जाऊ लागले की त्याच्या दर्जाचा प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने हजेरीच्या या छायाचित्रांसंबंधी राज्यांना पत्र पाठवले. कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, तसेच छायाचित्रावरूनच काढलेले छायाचित्र, असे प्रकार त्यात निदर्शनास आणून देण्यात आले होते. हे झाले गैरप्रकार. परंतु अगदी प्रामाणिकपणे काढलेली छायाचित्रेही पुष्कळदा निरुपयोगी ठरतात. कोठे टोपीखालचे चेहरे काळवंडलेले असतात, कोठे सिमेंटचा बंधारा पांढऱ्या उजेडात विरून गेलेला असतो, तर कोठे शेततळे आणि डबके यांतील फरक कळत नाही. काम खरोखर झालेले असते, पण छायाचित्र तसे सांगत नाही. माहिती खात्यात काम करणाऱ्यास अशा छायाचित्रांचे गठ्ठे नित्य हाताळावे लागतात. त्यांतील बहुतेक दोष कॅमेरा स्वस्त असल्यामुळे आलेले नसतात. प्रकाशाचा हिशेब न समजल्यामुळे आलेले असतात. तो हिशेब अवघड नाही. गणित आठवीच्या विद्यार्थ्यास झेपेल इतकेच आहे.

नोंदीची जुनी परंपरा

सरकारी कामाची नोंद कॅमेऱ्याने ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. १८५५ मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन बिग्ज यांची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली आणि विजापूर, बदामी, ऐहोळे येथील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्या काळी रसायने आणि जड कॅमेरा वाहून नेण्यासच माणसांचा तांडा लागे.

पुढे काचेची जागा फिल्मने घेतली आणि फिल्मची जागा विद्युत्-संवेदकाने. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला अंकीय कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र आडवे १०० आणि उभे १०० बिंदू एवढेच होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आजच्या साध्या मोबाइलमध्येही १ कोटीहून अधिक बिंदूंचे चित्र क्षणात उमटते. साधने अशी पालटली, तथापि मूळ क्रिया तीच आहे. भिंगातून प्रकाश आत येतो, ठरावीक काळ आत येतो आणि आतील पृष्ठभागावर त्याची नोंद होते. फिल्म असो वा संवेदक, प्रकाश किती पडला यावर सर्व अवलंबून असते.

छिद्र, झडप आणि संवेदनक्षमता

पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांनी सांभाळली आहे त्यांना हा हिशेब लवकर समजेल. शेताला किती पाणी मिळाले, हे चारीचे तोंड किती उघडले आणि पाळी किती वेळ चालली या दोन गोष्टींवर ठरते. तोंड निम्मे केले आणि वेळ दुप्पट दिला तर पाणी तेवढेच मिळते. कॅमेऱ्यातील ॲपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, हे चारीचे तोंड होय. आणि शटर, म्हणजे झडप, किती वेळ उघडी राहते ती पाळी होय.

छिद्राचे माप एफ या अक्षरापुढील आकड्याने दाखवतात. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ अशी ही मालिका आहे. नवशिक्यास येथे पहिली अडचण येते, ती अशी की आकडा मोठा तर छिद्र लहान. याचे कारण हा आकडा भागाकाराने काढलेला असतो. भिंगाच्या केंद्रांतरास छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे तो मिळतो. ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाचे छिद्र २५ मिलिमीटर व्यासाचे असेल तर एफ २ आणि सव्वासहा मिलिमीटर असेल तर एफ ८. मालिकेतील प्रत्येक पुढच्या पायरीस प्रकाश निम्मा होतो. या पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात.

झडपेचा वेळ सेकंदाच्या अपूर्णांकात मोजतात : १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१०००. येथेही प्रत्येक पायरीस वेळ निम्मा होतो. त्यामुळे एफ ८ व १/१२५ सेकंद यांनी जेवढा प्रकाश आत येतो, तेवढाच एफ ५.६ व १/२५० यांनी येतो. मग निवड कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर असे की प्रकाश समान असला तरी चित्र समान येत नाही. छिद्र मोठे ठेवले की ज्या वस्तूवर फोकस केला तेवढीच रेखीव येते आणि मागचेपुढचे धूसर होते. छिद्र लहान केले की जवळच्या वस्तूपासून दूरच्या डोंगरापर्यंत सर्व स्पष्ट दिसते. झडप झटकन मिटली तर धावता मुलगा जागच्या जागी थांबलेला दिसतो. ती संथ मिटली तर तो पुसट होतो.

तिसरी गोष्ट संवेदनक्षमता. तिला आयएसओ म्हणतात आणि ती १००, २००, ४००, ८००, १६०० अशी दुपटीने वाढवता येते. पाटाच्या पाण्याच्या उपमेत ती नीट बसत नाही. तिच्यासाठी ग्रामसभेतील ध्वनिक्षेपक आठवावा. बोलणाऱ्याचा आवाज क्षीण असला की ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवतात. भाषण मोठ्याने ऐकू येते, पण त्याबरोबर खरखरही वाढते. आयएसओ वाढवल्यावर चित्र उजळते ते याच प्रकारे, आणि त्यात दिसणारे रंगीत कण ही ती खरखर. म्हणून प्रकाश भरपूर असेल तेव्हा आयएसओ १०० किंवा २०० ठेवावा. प्रकाश अपुरा असेल तेव्हा मात्र तो वाढवण्यास कचरू नये. थोडे कण आलेले चित्र वाचता येते. हललेले चित्र कोणत्याही उपायाने दुरुस्त होत नाही.

जुन्या छायाचित्रकारांचा एक आडाखा आजही उपयोगी पडतो. लखलखीत उन्हात छिद्र एफ १६ ठेवावे आणि झडपेचा वेळ आयएसओच्या आकड्याइतका अपूर्णांक ठेवावा, म्हणजे आयएसओ १०० असेल तर साधारण १/१०० किंवा १/१२५ सेकंद. त्यावरून एफ ८ ला १/५०० येते. आषाढातील भरून आलेल्या आभाळाखाली याच्या सुमारे एक-अष्टमांश प्रकाश असतो. तेव्हा एफ ८ ला १/६० घ्यावे, अथवा आयएसओ ४०० करून १/२५०. हा आडाखा मनात असला की यंत्राने सुचवलेला आकडा चुकीचा असल्यास तो लगेच खटकतो.

सर्व आकडे स्वतः लावण्याची सक्ती अर्थातच नाही. कॅमेऱ्याच्या चकतीवर ‘ए’ (कॅननच्या कॅमेऱ्यावर ‘एव्ही’) अशी खूण असते. ती निवडल्यास छिद्र आपण ठरवतो आणि वेळ कॅमेरा ठरवतो. ‘एस’ (कॅननवर ‘टीव्ही’) निवडल्यास उलट होते. विकासकामांच्या नोंदीसाठी ‘ए’ निवडून छिद्र एफ ८ वर ठेवणे बहुतेक वेळा पुरेसे होते. शाळेच्या क्रीडास्पर्धा असतील तेव्हा ‘एस’ घेऊन १/५०० ठेवावे. कबड्डीतील चढाई त्यात थांबते.

एक अभ्यास येथे सुचवावासा वाटतो. अंगणातील तुळशीवृंदावनापासून दीड-दोन मीटरवर उभे राहावे, आयएसओ २०० कायम ठेवावा आणि एफ ४, एफ ८ व एफ १६ अशी तीन चित्रे घ्यावीत. मागची भिंत व अंगणाचे फाटक प्रत्येक चित्रात कसे पालटते ते पाहावे. पुस्तकातील चार पाने वाचून जे ध्यानात येत नाही ते या तीन चित्रांनी येते.

प्रकाशमापक फसतो तो येथे

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक ही मोठी सोय आहे, पण त्याची समजूत एकच आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे तो धरून चालतो. झाडे, माती, घरे, माणसे यांची सरसकट सरासरी बहुधा तशीच येत असल्यामुळे तो पुष्कळदा बरोबरही ठरतो. तथापि आपल्या खेड्यांतील कित्येक दृश्ये या समजुतीत बसत नाहीत.

चुन्याने रंगवलेल्या शाळेच्या भिंतीपुढे पांढरे सदरे व गांधी टोप्या घातलेले पंचायत सदस्य उभे आहेत, असे समजा. मापकाला वाटते की प्रकाश फारच आहे. तो झडपेचा वेळ कमी करतो आणि पांढरी भिंत करडी होते. त्याबरोबर सावळे चेहरे काळे पडतात आणि नाकडोळे हरवतात. याउलट विदर्भातील काळ्या जमिनीवर नुकतेच उगवलेले कापूस किंवा सोयाबीन असेल, अथवा काळ्या पाषाणातील हेमाडपंती मंदिर असेल, तर मापकास प्रकाश अपुरा वाटतो. तो वेळ वाढवतो. काळी माती राखाडी होते आणि कोवळ्या पानांचा हिरवा रंग उडून जातो. पीक पाहणीच्या दृष्टीने ही बाब लहान नाही, कारण पानांचा रंग आणि आकार यांवरूनच पीक ओळखावयाचे असते.

उपाय सोपा आहे. जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेली एक कळ असते. पांढऱ्याचे प्राबल्य असेल तेथे ती अधिक १ वर न्यावी आणि काळ्याचे असेल तेथे उणे १ वर. पांढऱ्यासाठी अधिक करावयाचे, हे प्रथम उलटे वाटते. मापकाची चूक सुधारावयाची आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे गोंधळ होत नाही. मोबाइलवर पडद्यावरील चेहऱ्यास बोटाने स्पर्श केला की फोकस व प्रकाश त्या जागेवरून ठरतो आणि बाजूला दिसणारे सूर्याचे चिन्ह वरखाली सरकवून उजेड कमीजास्त करता येतो. एवढ्या एका गोष्टीने सभांच्या निम्म्या छायाचित्रांचे भाग्य उजळेल, असे म्हणण्यास हरकत नाही.

चित्र घेतल्यावर ते पडद्यावर पाहून खात्री करावी हे खरे. पण भर उन्हात पडदा नीट दिसत नाही. अशा वेळी हिस्टोग्राम हा आलेख पाहावा. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे अशी त्याची मांडणी असते. आलेखाचा डोंगर उजव्या काठावर आपटून तुटला असेल तर चित्रातील उजळ भाग कोरा पांढरा झालेला आहे. त्यातील तपशील पुढे कोणत्याही संगणकावर परत मिळत नाही. सिमेंटच्या नव्या बांधकामाचे छायाचित्र घेताना हे विशेषत्वाने पाहावे.

फोकस आणि हाताची स्थिरता

झडपेची कळ अर्धी दाबली म्हणजे कॅमेरा फोकस करतो आणि पूर्ण दाबली म्हणजे चित्र घेतो. अनेकजण ती एका झटक्यात दाबतात आणि चित्र बिघडते. फोकसचा बिंदू कॅमेऱ्यावर सोपवल्यास तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो, मग ती टेबलावरील फुलदाणी का असेना. म्हणून मधला एकच बिंदू निवडावा, तो मुख्य वस्तूवर धरून कळ अर्धी दाबावी आणि तशीच धरून चौकट हवी तशी जुळवावी. व्यक्तिचित्रात फोकस डोळ्यांवर असावा. तीन ओळींचा समूह असेल तर छिद्र एफ ८ ठेवून मधल्या ओळीतील चेहऱ्यावर फोकस करावा.

हातात कॅमेरा धरून किती संथ झडप चालेल, याचाही एक आडाखा आहे. भिंगाचे जे केंद्रांतर तोच अपूर्णांक. ५० मिलिमीटरला १/६० आणि २०० मिलिमीटरला १/२५०. संवेदक लहान असलेल्या नेहमीच्या कॅमेऱ्यांत केंद्रांतराची दीडपट धरावी. कंप रोखणारी यंत्रणा कॅमेऱ्यात असेल तर याहून संथ झडपही चालते, पण ती यंत्रणा आपला हात स्थिर करते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, खांब किंवा दाराच्या चौकटीचा आधार घ्यावा, श्वास सोडून कळ दाबावी. तिवई जवळ असल्यास उत्तमच.

ऊन, पाऊस आणि शाळेची खोली

कार्यक्रम दुपारी बारा वाजता ठेवण्याची आपली रीत छायाचित्रणास सर्वांत प्रतिकूल आहे. वैशाखात सूर्य थेट डोक्यावर असतो. टोपीची, फेट्याची अथवा पदराची सावली डोळ्यांवर पडते आणि जमीन मात्र चकाकत असते. उद्घाटनाची वेळ छायाचित्रकाराच्या हाती नसते, हे मान्य. मग माणसांना लिंबाच्या किंवा वडाच्या एकसारख्या सावलीत आणावे. पानांतून ऊन गळत असेल अशी जागा टाळावी, कारण चेहऱ्यांवर ठिपके पडतात. सावलीत येणे शक्य नसेल तर दिवसाउजेडीच फ्लॅश वापरावा. उन्हात फ्लॅश कशाला, असे विचारून लोक हसतील. परंतु टोपीखालची सावली उजळण्यास दुसरा सोपा उपाय नाही. कॅमेऱ्यातील लहान फ्लॅशचा प्रकाश मात्र ३-४ मीटरच्या पलीकडे पोचत नाही. मंडपाच्या मागच्या टोकावरून व्यासपीठाकडे फ्लॅश मारणाऱ्यांना पुढच्या रांगेतील डोक्यांपलीकडे काही मिळत नाही ते यामुळेच.

पावसाळी आभाळाखाली चेहरे फार चांगले येतात. प्रकाश सर्व बाजूंनी मऊ येतो आणि रंग खुलतात. बांधकामाच्या चित्रास मात्र तिरपे ऊन हवे. सकाळी आठ-नऊच्या किंवा चार-पाचच्या उन्हात दगडी बांधाचा प्रत्येक थर आणि रस्त्यावरील प्रत्येक खड्डा सावलीने उठून दिसतो. समतल चरांची कामे असलेली टेकडी दुपारी सपाट दिसते. सायंकाळी तिच्यावरील चर ओळीने मोजता येतात.

शाळेच्या वर्गात अडचण वेगळी. शिक्षक फळ्याजवळ, मुले खिडकीकडे पाठ करून, आणि छायाचित्रकार दारात, अशी रचना असली की मुलांच्या केवळ काळ्या आकृती येतात. खिडकी आपल्या पाठीशी किंवा बाजूला घ्यावी. एकदोन नळदिवे असलेल्या खोलीत एफ ४, आयएसओ १६०० आणि झडप १/५० असा अंदाज धरून सुरुवात करावी. १/५० किंवा १/१०० हे आकडे मुद्दाम सांगितले आहेत. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्यामुळे नळदिवे आणि काही एलईडी दिवे सेकंदास १०० वेळा लुकलुकतात. झडप त्याहून बरीच जलद असेल तर चित्रात आडवे पट्टे उमटतात. रंगांबाबत सांगावयाचे तर खोलीत एकाच प्रकारचा प्रकाश असेल असे पाहावे. खिडकीचा निळसर उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले तर व्हाइट बॅलन्सची कोणतीच निवड दोहोंस लागू पडत नाही. अशा वेळी दिवा मालवून खिडकीच्या उजेडावर भिस्त ठेवणे बरे.

काम दिसले पाहिजे

नोंदीच्या छायाचित्राची खरी कसोटी कामाच्या जागेवर लागते. ज्याने ती जागा कधी पाहिली नाही, त्याला छायाचित्रावरून काय, कोठे, केवढे आणि केव्हा हे कळले पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक कामाची किमान तीन चित्रे घ्यावीत. पहिले लांबून, ज्यात काम आणि भोवतालची ओळखीची खूण, मग ती मंदिराचा कळस, पाण्याची टाकी किंवा डोंगराची धार असो, एकत्र दिसेल. दुसरे मध्यम अंतरावरून, ज्यात संपूर्ण काम चौकटीत बसेल. तिसरे जवळून, ज्यात बांधकामाचा पोत, सांध्यांची भरणी अथवा तडा दिसेल. लांबच्या चित्रात पुढची खूण आणि मागचे काम दोन्ही रेखीव हवी असतील तर रुंद भिंग आणि लहान छिद्र घ्यावे. नेहमीच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर भिंग, एफ ८ आणि २ मीटरवर फोकस ठेवला की सुमारे १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट येते.

मापाची खूण चित्रात असलीच पाहिजे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळे नुसते काढले तर ते डबक्यासारखे दिसू शकते. काठावर एक माणूस उभा केला की त्याचा आकार डोळ्यांत भरतो. बंधाऱ्याजवळ मोजणीची पट्टी, तड्याजवळ फूटपट्टी, गारांजवळ एखादे नाणे ठेवावे. गारपिटीच्या पंचनाम्यात हे फार महत्त्वाचे आहे. गारा वितळून जातात आणि मागे छायाचित्रच उरते. पिकाच्या नुकसानीचे चित्र घेताना केवळ मोडलेल्या ताटाचे जवळचे चित्र पुरत नाही, कारण ते कोणत्याही शेतातील असू शकते. बांध, विहीर किंवा शेजारचे झाड दिसेल असे लांबचे चित्र त्याच्या जोडीस असावे.

पूर्वीचे आणि नंतरचे अशी जोडचित्रे पाठवण्याची पद्धत चांगली आहे. परंतु पूर्वीचे चित्र पूर्वेकडून आणि नंतरचे पश्चिमेकडून घेतलेले असेल तर तुलना कशाची करावयाची? काम सुरू होण्यापूर्वी उभे राहण्याची जागा निश्चित करावी, तेथे दगडावर रंगाची खूण करावी, आणि भिंगाचे केंद्रांतर, कॅमेऱ्याची उंची व वेळ वहीत टिपून ठेवावी. पुढचे प्रत्येक चित्र तेथूनच घ्यावे. गावातील शाळेने हे काम वर्षभर अंगावर घेतल्यास विद्यार्थ्यांना भूगोलाचा उत्तम धडा मिळेल. विहिरीची पातळी, ओढ्याचा प्रवाह, टेकडीवरील गवत यांची दर महिन्याच्या ठरावीक दिवशी घेतलेली बारा चित्रे भिंतीवर ओळीने लावून पाहावीत.

वाहत्या पाण्याविषयी एक सूचना. तिवईवर कॅमेरा ठेवून पाव सेकंदाच्या झडपेने घेतलेले पाणी रेशमासारखे दिसते आणि दिनदर्शिकेवर ते शोभतेही. कालव्याच्या प्रवाहाची नोंद करावयाची तर १/२५० घ्यावे, म्हणजे लाट आणि गढूळपणा जसा आहे तसा दिसतो.

मोबाइलचे थोडे वेगळे

बहुतेक मोबाइलमध्ये भिंगाचे छिद्र कायम असते. झडप आणि आयएसओ मात्र ‘प्रो’ या भागात हाताने ठरवता येतात. संवेदक लहान असल्यामुळे जवळचे-दूरचे एरवीच स्पष्ट येते. त्यामुळे पार्श्वभूमी धूसर करणारी ‘पोर्ट्रेट’ सोय ही गणिताने घडवलेली असते आणि नोंदीच्या छायाचित्रात ती वापरू नये. दोन बोटांनी पडदा ताणून केलेला झूम बराचसा चित्राचा मधला तुकडा कापूनच मोठा केलेला असतो. चार पावले पुढे जावे हे बरे. भिंग स्वच्छ सुती कापडाने पुसावे, ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण दिवसभर खिशात राहिलेल्या मोबाइलच्या भिंगावर बोटांचा तेलकट थर असतोच आणि उजेडाच्या दिशेने घेतलेली चित्रे त्याने धुरकट होतात.

नको असलेली वस्तू चित्रातून पुसून टाकण्याची सोय आता मोबाइलमध्येच आली आहे. घरच्या समारंभासाठी ती खुशाल वापरावी. शासकीय नोंदीच्या चित्रात उजेड थोडा वाढवणे, तिरपे क्षितिज सरळ करणे आणि कडा कापणे एवढेच करावे. विजेची तार नकोशी दिसते म्हणून पुसली, तर उद्या त्याच चित्रातील बंधाराही कोणी खरा मानणार नाही.

माणसांविषयी

छायाचित्र घेण्यापूर्वी समोरच्या माणसास विचारावे. पुरात घर वाहून गेलेल्या कुटुंबाच्या दारात कॅमेरा रोखण्याआधी दोन शब्द बोलावेत आणि नकार मिळाल्यास तो मानावा. अत्याचारास बळी पडलेल्या मुलांची ओळख प्रकट होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाचे कलम २३ आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ यांनी बंदी घातलेली आहे, हे शिक्षक व पंचायत सदस्य यांना ठाऊक असावयास हवे. मदतवाटपाच्या चित्रांत एका पिशवीस दहा हात लागलेले असतात आणि घेणारी वृद्धा कोपऱ्यात अर्धी कापली गेलेली असते. अशी चित्रे संपादकाच्या टेबलावर बाजूला पडतात. त्याच वृद्धेचे तिच्या उंचीवर वाकून, तिच्या चुलीपाशी घेतलेले चित्र योजनेविषयी अधिक सांगते.

जपणूक

कॅमेऱ्यातील दिनांक व वेळ बरोबर आहे का, हे प्रथम पाहावे. प्रत्येक चित्राच्या फाइलमध्ये ती आपोआप नोंदली जाते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेल्या चित्राचे बिंदू कमी होतात आणि ही अंतर्गत नोंदही गळून पडते. म्हणून तेथे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावे, किंवा ई-मेलने मूळ फाइल पाठवावी. छपाईस एका इंचाला ३०० बिंदू लागतात. मासिकात सहा इंच रुंद छापावयाच्या चित्रास १८०० बिंदूंची रुंदी हवी, हे यावरून ध्यानात येईल. मूळ फाइलची एक प्रत कार्यालयातील संगणकावर आणि दुसरी निराळ्या ठिकाणी ठेवावी. मोबाइल हरवला म्हणून तीन वर्षांच्या कामांची चित्रे गेली, असे होऊ नये.

प्रत्येक चित्रासोबत त्याच दिवशी ओळ लिहावी. गाव, तालुका, कामाचे नाव, चित्र कोणत्या दिशेकडे तोंड करून घेतले ती दिशा, दिनांक, आणि माणसे असतील तर डावीकडून उजवीकडे त्यांची नावे. ‘मान्यवर उपस्थित’ एवढीच ओळ आलेली चित्रे दहा वर्षांनी उघडली म्हणजे मान्यवर कोण होते, हे सांगणारा त्या कार्यालयात बहुधा कोणी उरलेला नसतो.